लीद तुडवणाऱ्या घोडीखाली काय अंथरावे? नाशिक परिसरात मिळणाऱ्या अंथरुणांचा वर्षभराचा अनुभव

आमचा तबेला गिरणाऱ्याच्या रस्त्याला, मळ्याच्या कडेला आहे. त्याला 12 बाय 12 फुटांचे दोन खण आहेत. एकात काठेवाडी घोडा राहतो आणि दुसऱ्यात सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली नुकरा घोडी, शेवंती. सकाळी घोड्याचा खण उघडला की लीद एका कोपऱ्यात रचून ठेवल्यासारखी दिसते. नर घोड्याला एकाच जागी लीद टाकण्याची उपजत सवय असते आणि तिचा फायदा आम्हाला आयताच मिळतो. शेवंतीचे तसे नाही. ती रात्रभर खणात फेऱ्या घालते, पुढच्या पायाने उकरते, पडलेली लीद तुडवते, तिच्यावरच मुतते आणि पहाटे त्याच चिखलावर अंग टाकते. नुकरा घोडीचे केस दुधासारखे पांढरे असल्यामुळे कुशीवर आणि मांडीवर उमटलेले पिवळे-हिरवे डाग कितीही खरारा केला तरी निघत नाहीत, आणि थंडीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो त्या दिवसांत जनावराला रोज धुणे योग्य नव्हे.

अशा घोडीसाठी गेल्या वर्षभरात आम्ही नाशिक परिसरात मिळणारी जवळजवळ सर्व प्रकारची अंथरुणे वापरून पाहिली. त्यांपैकी कोणते टिकले, कोणते आठवड्यात बंद करावे लागले आणि कोणाकडून घेताना काय तपासावे, हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण मला जेव्हा ही माहिती हवी होती तेव्हा प्रत्येक जण आपापल्या घरी चालते तेच सांगत होता आणि त्यांच्याकडची जनावरे स्वच्छ सवयीची होती.

अंथरूण हा केवळ दिखाऊ स्वच्छतेचा विषय नाही. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, परंतु गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाकाठी अर्धा तासही त्याला पुरतो, मात्र तो मिळालाच पाहिजे, आणि जमीन कडक, ओली किंवा निसरडी असेल तर जनावर बसण्याचे टाळते. साधारण 400 किलोच्या घोड्याची दिवसाची लीद 15 ते 20 किलोंच्या घरात जाते आणि त्यासोबत कित्येक लिटर मूत्र असते. मूत्रातील युरियावर जिवाणूंची क्रिया होऊन अमोनिया तयार होतो, आणि हा वायू जमिनीलगत, म्हणजे झोपलेल्या घोडीचे नाक जिथे असते नेमका तिथे, सर्वांत दाट असतो. आपण दारात उभे राहून वास घेतो आणि सगळे ठीक आहे असे समजतो. मी पहिल्यांदा गुडघे टेकून, तोंड अंथरुणाजवळ नेऊन श्वास घेतला तेव्हा डोळ्यांतून पाणी आले. त्या दिवसापासून आमच्याकडे अंथरूण तपासण्याची हीच रीत आहे. ओल्या अंथरुणात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराच्या तळाचा मऊ, त्रिकोणी भाग काळा पडून कुजतो आणि त्याला असह्य दुर्गंधी येते. शेवंतीच्या मागच्या दोन्ही पायांना मागच्या पावसाळ्यात हेच झाले होते आणि नालबंदाने ते दाखवल्यावरच आम्ही खडबडून जागे झालो.

अंथरुणाबद्दल कोणालाही विचारले की पहिला प्रश्न येतो, "पाणी किती शोषते?" नीटनेटक्या घोड्यासाठी हा प्रश्न पुरेसा असेल. पसारा करणाऱ्या घोडीसाठी मात्र माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे: घाण झालेला भाग चांगल्या भागापासून किती सहज वेगळा करता येतो? तांदूळ निवडावेत तसे अंथरूण निवडता आले पाहिजे. जे निवडता येत नाही ते कितीही शोषणारे असो, रोज सकाळी चांगले-वाईट सगळे एकत्र उकिरड्यावर जाते आणि माल स्वस्त घेतला तरी महाग पडतो. पुढचे सर्व मत मी याच कसोटीवर दिले आहे.

सुरुवात भाताच्या पेंढ्याने झाली, कारण आपल्याकडे तोच सर्वांत सहज मिळतो. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात भाताची झोडणी झाली की ट्रॅक्टर भरून पेंढा येतो. तो मऊ असतो, उबदार असतो आणि दाट अंथरला तर घोडी आनंदाने लोळते. घोड्याच्या खणात आम्ही आजही पेंढाच वापरतो आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. शेवंतीच्या खणात मात्र तो दोन रात्रींत हरला. तिच्या टापेखाली लिदीचे गोळे फुटतात आणि पेंढ्याच्या काड्यांमधून खाली झिरपतात. वरून पाहिले तर अंथरूण पिवळेधमक आणि हात घातला तर आत शेणकाला. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, दाताळे घालून उचलतो तेव्हा एका उचलीत थोडी लीद आणि ढीगभर चांगला पेंढा बाहेर येतो. एका आठवड्यात आम्ही आत टाकलेल्या पेंढ्यापैकी निम्म्याहून अधिक पेंढा सातव्या दिवसापर्यंत उकिरड्यावर गेला होता.

त्याशिवाय पेंढ्याची दुसरी अडचण म्हणजे घोडी तो खाते. अंथरुणाचा पेंढा पोटभर खाल्ला आणि पाणी कमी प्यायले तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठण्याचा धोका असतो, आणि भाताच्या पेंढ्यातील ऑक्झलेट वैरणीतील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून घोड्यांना तो नियमाने चारा म्हणून देणे चांगले नव्हे. पावसाळ्यात तर ही अडचण आणखी वाढते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे उघड्यावर राहिलेली उडवी आतून तापते, तिला बुरशी धरते आणि गाठ सोडताच पांढरी धूळ उडते. ही धूळ घोड्याच्या फुप्फुसात गेली की खोकला जडतो आणि तो सहजासहजी जात नाही. पेंढा घेताना गाठीच्या मधोमध हात खुपसून पाहावा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर पैसे दिलेले असले तरी ती गाठ परत करावी.

गव्हाचे लांब काड अंथरुणासाठी भाताच्या पेंढ्यापेक्षा सरस असते. ते कडक, पोकळ आणि चकचकीत असल्याने मूत्र त्यातून खाली निघून जाते आणि वरचा थर कोरडा राहतो, शिवाय घोडे ते कमी खातात. परंतु निफाड-सिन्नरकडे आता गहू हार्वेस्टरने किंवा मळणी यंत्राने निघतो आणि हाती येतो तो बारीक भुसा. लांब काडाची गाठ शोधण्यात आम्ही पूर्ण मार्च घालवला. बारीक भुसा अंथरून पाहिला; दोन दिवस धूळ उडाली, तिसऱ्या दिवशी त्याची लापशी झाली.

घोटीच्या भात गिरण्यांमधून मिळणारे तूस हा आमचा पुढचा प्रयोग होता. निवडण्याच्या कसोटीवर तूस चांगले ठरले: लिदीचा गोळा तुसावर अख्खा राहतो, दाताळ्याच्या फटींतून तूस खाली गळते आणि लीद वर राहते. मात्र तुसाला मूत्र धरवत नाही. त्याच्या सालीत सिलिका भरपूर असल्याने ते ओले होण्यापेक्षा ओघळू देते, आणि घोडीने पाय आपटला की पाण्यासारखे बाजूला सरकून खालची फरशी उघडी पडते. त्याचे टोकदार कण डोळ्यांत आणि नाकपुड्यांत जातात. आठव्या दिवशी शेवंतीचा डावा डोळा पाणावला आणि आम्ही तूस थांबवले. कोंबड्यांच्या शेडसाठी ते उत्तम आहे, कुक्कुटपालकांची मागणीही मोठी असते. घोडीसाठी ते एकट्याने पुरेसे नाही, एवढेच म्हणेन.

नाशिकमध्ये शेतमालाचे टाकाऊ पदार्थ इतके निघतात की "हेच टाका की, फुकट आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याविषयी इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण यातले काही पदार्थ घोड्याच्या जिवावर बेततात. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजूला कांद्याच्या चाळींतून निघणारी पात व साल ढिगाने पडलेली असते आणि ती कोरडी, हलकी असल्याने अंथरुणाला योग्य भासते. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि जनावराला गंभीर पंडुरोग होतो. अंथरुणात तोंड घालणाऱ्या घोडीखाली कांद्याचे काहीही असता कामा नये. मक्याची बुरकुंडे आणि ताटे यांना बुरशी लागली असेल तर त्या बुरशीचे विष थेट घोड्याच्या मेंदूवर परिणाम करते आणि त्यावर इलाज नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या कुट्टी करून देऊ करणारे बागायतदार चांगल्या मनाने देतात, परंतु त्या काड्यांवर हंगामभर मोरचूद आणि इतर बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. उसाचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, साखरेच्या अंशामुळे आंबतो व बुरशी धरतो. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने माणसांनाही फुप्फुसाचा आजार होतो आणि त्या आजाराला बगॅसचेच नाव मिळालेले आहे. बांधावरच्या कण्हेरीची पाने तर कुठल्याही गवतात, पेंढ्यात मिसळलेली नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहूनच गाठ आत न्यावी; मूठभर पाने घोड्याचा जीव घेऊ शकतात.

आता रबरी मॅटविषयी. दुग्धव्यवसायामुळे नाशिकमध्ये गाईंच्या गोठ्यासाठीच्या मॅट सहज मिळतात आणि आम्ही त्याच घेतल्या. घोड्यासाठी मॅट निवडताना जाडी पाहावी, कारण नाल ठोकलेल्या टापेखाली पातळ मॅट वर्षभरात फाटते. आमच्या मॅट 18 मिलिमीटरच्या आहेत आणि अजून धड आहेत. "मॅट टाकली की अंथरूण लागत नाही" असे दुकानदाराने आम्हाला सांगितले होते. हे म्हणणे मला मान्य नाही. नुसत्या मॅटवर मूत्र साचते, घोडीच्या मांड्यांवर शिंतोडे उडतात म्हणून ती मुतायचे टाळते, आणि सांध्यांतून खाली गेलेले मूत्र तिथे कुजत राहते. मॅटचा खरा उपयोग असा की उकरणाऱ्या घोडीला खाली जमीन सापडत नाही. पूर्वी मुरमाच्या जमिनीत शेवंतीने दाराशी चांगला वीतभर खड्डा केला होता आणि सगळे मूत्र तिथे जमत असे. आम्ही मुरूम काढून कोबा केला, मागच्या भिंतीकडे दहा फुटांना दोन इंच असा उतार दिला, त्यावर मॅट घातल्या आणि महिन्यातून एकदा त्या उचलून खाली धुतो. मॅट जड असते, दोन माणसे लागतात, ही तयारी ठेवूनच ती घ्यावी.

या मॅटवर काय अंथरावे याचे आमचे उत्तर शेवटी लाकडात सापडले. तेही भुशात नव्हे, तर रंध्याच्या छिलक्यांत. करवतीखालचा भुसा आणि रंध्याखालचे छिलके या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण दुकानात दोन्हींना भुसाच म्हणतात. करवतीचा भुसा पिठासारखा असतो, धूळ करतो आणि ओला झाला की थिजून बसतो. रंधा मारताना निघणारे छिलके पातळ, कुरळे आणि रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढे असतात. त्यांच्या थरावर लिदीचा गोळा गादीवर ठेवल्यासारखा राहतो, शेवंतीने पाय दिला तरी तो आत दबतो, फुटत नाही. दाताळे त्याच्याखाली सरकवून हलके हलवले की छिलके गळून पडतात आणि दात्यांवर केवळ लीद उरते. पहिल्या सकाळी मोतद्दाराने चार घमेल्यांऐवजी दीड घमेले बाहेर काढले आणि म्हणाला, "ताई, आज घोडी बाहेर बांधली होती का?" त्या प्रश्नातच मला माझे उत्तर मिळाले.

मूत्राचे म्हणाल तर छिलके ते खाली जाऊ देतात आणि मॅटच्या वर एका जागी ओला लादा तयार होतो. इथे घोडा आणि घोडी यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. नराचे मूत्र पोटाखाली, खणाच्या मध्यावर पडते. घोडीचे मागे, बहुधा भिंतीकडे. म्हणून शेवंतीच्या खणात मागच्या तिसऱ्या हिश्शात थर आठ इंचांचा आणि पुढे चार-पाच इंचांचा ठेवतो. ओला लादा फावड्याने अख्खा निघतो. थर पातळ ठेवून बचत करण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन: चार इंचांच्या खाली गेलो की घोडीची टाप मॅटपर्यंत पोचते, सगळे ढवळले जाते आणि छिलक्यांचा सारा फायदा नाहीसा होतो. सुरुवातीला आम्हाला 14 पोती लागली, पुढे आठवड्याला दोन, फार झाले तर तीन. पेंढ्यापेक्षा पोत्याचा दर बराच जास्त आहे, तरीही महिन्याचा हिशेब पेंढ्याच्या जवळपासच बसतो, कारण फेकले जाणारे प्रमाण घटले; मोतद्दाराचा रोजचा वाचलेला पाऊण तास मी त्यात धरलेला नाही.

छिलके कोणाकडून घ्यावेत हा यातला सर्वांत काळजीचा भाग आहे. शहरातील फर्निचर कारखान्यांमधून मिळणारा माल आम्ही आता घेत नाही. तिथे साग, शिसव, प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्या) यांचा कचरा एकाच कोपऱ्यात झाडला जातो. साग आणि शिसवाच्या धुळीने माणसाच्या कातडीलाही खाज सुटते, प्लायवुड व एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि परदेशी काळ्या अक्रोडाचे छिलके मिसळलेले असतील तर घोड्याच्या खुरांना एका दिवसात तीव्र सूज येऊ शकते. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत माल पाठवण्याच्या लाकडी पेट्या बनवणारे कारखाने आहेत; तिथे बहुतेक पाइनचे लाकूड वापरतात आणि त्याचे छिलके फिकट, हलके, सुवासिक असतात. पाइन घोड्यांना चालतो. मात्र निर्यातीच्या पेट्यांच्या लाकडावर शिक्का असतो तो पाहून घ्यावा: त्यात एचटी लिहिले असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे आणि ते चालते, एमबी लिहिले असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे आणि ते मी घोडीजवळ आणणार नाही.

अशाच एका कारखान्यातून आम्ही पहिली खेप आणली, तेव्हा माल दिसायला सुंदर होता. पोती ओतताना माझ्या कानाला बारीक खणखणाट ऐकू आला. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून आम्ही ते ढिगातून ओढले, आणि ते वर आले तेव्हा त्यावर स्टेपलरच्या यू आकाराच्या पिना केसाळ अळीसारख्या चिकटलेल्या होत्या. तीन पोत्यांत 40 पिना आणि दोन वाकलेले खिळे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतातच, आणि खुराच्या मऊ भागात घुसलेली पिन बाहेरून दिसतही नाही. मी फोन केला तेव्हा त्या मालकांनी "इतकं बारीक कोण बघतं?" असे उत्तर दिले. आम्ही ती खेप परत केली आणि दोन्ही घोड्यांची धनुर्वाताची लस झाल्याची तारीख डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतली. आज ज्यांच्याकडून घेतो ते रंधा यंत्राखालूनच थेट पोते भरतात, झाडलोटीचा माल त्यात घालत नाहीत. तरीही प्रत्येक पोते ओतताना चुंबक फिरतेच.

पोत्यांबाबत आणखी एक सूचना. कोंबडीखाद्याच्या रिकाम्या गोण्यांत छिलके भरून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असू शकतात आणि कोंबडीला सोसणारी ही औषधे अत्यल्प प्रमाणातही घोड्याला घातक ठरतात. आमची पोती आम्ही स्वतः घेऊन जातो.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, आम्हाला आमच्या शेजारच्या रोपवाटिकेने सुचवले. द्राक्षांची रोपे आणि पॉलिहाऊसमधील फुले यांमुळे तमिळनाडू-केरळमधून येणाऱ्या त्याच्या दाबलेल्या विटा नाशिकमध्ये कुठेही मिळतात. कोकोपीट आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, वास दाबते, जमिनीवर मऊ बसते आणि लीद त्यावरून अलगद उचलता येते, म्हणजे कसोटीवर ते अगदी छिलक्यांच्या बरोबरीचे आहे. दुसऱ्या कोणत्याही रंगाच्या घोड्यासाठी मी कदाचित तेच पहिले सुचवले असते. पण त्यात काथ्याचे टॅनिन असते आणि ओले कोकोपीट पांढऱ्या केसांना तपकिरी रंग देते. तीन दिवसांत शेवंती खालून चहात बुडवल्यासारखी दिसू लागली. उन्हाळ्यात ते पूर्ण वाळले की बारीक धूळही उडते, त्यामुळे हलका पाणी-शिडकावा करावा लागतो. घेताना धुतलेले, कमी ईसीचे, म्हणजे कमी क्षारांचे, कोकोपीट मागावे, कारण न धुतलेल्यात क्षार पुष्कळ असतात आणि घोडी ते चाटत बसते. आम्ही त्याचा एक मर्यादित उपयोग ठेवला आहे: मागच्या भिंतीलगत, छिलक्यांच्या खाली, मॅटच्या सांध्यावर दोन इंचांची पट्टी. मूत्र तिथे पोचले की धरले जाते आणि घोडीच्या अंगाला त्याचा स्पर्श होत नाही.

वास मारण्यासाठी चुना भुरभुरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती मी थांबवली. चुना अल्कधर्मी असल्यामुळे ओल्यातला अमोनिया धरून ठेवण्याऐवजी उलट हवेत सोडतो, आणि ओल्या कातडीला भाजतोही. सुपर फॉस्फेट अमोनिया बांधते, पण ते खत आहे, घोडीच्या तोंडात जाऊ नये. आमच्याकडे झिओलाइटची पूड वापरतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलेल्यांनी आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक पाहिले असतील. त्याच कुळातील खनिजाची पूड अमोनिया शोषून घेते. ओला लादा काढल्यावर कोरड्या मॅटवर दोन मुठी पुरतात. लादा न काढता वरून पूड टाकली तर काही उपयोग होत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे.

सर्वांत चांगले अंथरूणही पसारा करणाऱ्या घोडीला सुधारत नाही, परंतु पसारा कमी करण्याच्या दोन गोष्टी अंथरुणाशी जोडलेल्या आहेत. लीद दिवसातून एकदा न काढता चार वेळा काढली, त्यांतली शेवटची रात्री दहाला, तर तुडवायला उरतच नाही. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरे असे की वैरणीची जागा आम्ही मागच्या भिंतीवरून पुढे, दाराजवळ आणली आणि रात्रीसाठी वाळलेले गवत बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगले. घोडी खात उभी राहते तेव्हा फेऱ्या कमी घालते, आणि तिचा मागचा भाग आपोआप जाड थराकडे राहतो. जाळी मात्र छातीच्या उंचीला बांधावी. खाली बांधली तर उकरताना टाप अडकते.

छिलक्यांची खरी तक्रार खताची आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पेंढ्याची लीद द्राक्ष बागायतदार दारातून उचलून नेत असत. लाकडात नत्राच्या मानाने कार्बन कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे न कुजलेले छिलके बागेत टाकले तर ते जमिनीतलेच नत्र ओढून घेतात, आणि बागायतदारांना हे चांगले ठाऊक आहे. आम्ही त्याचा वेगळा खड्डा केला, त्यात गाईचे शेण आणि हिरवा पाला एकाआड एक घालतो, महिन्यातून एकदा खालवर करतो. वर्ष उलटून गेले तरी काही छिलके ओळखू येतात. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी हा विचार आधी करावा, कारण उकिरड्याची अडचण पेंढ्यापेक्षा मोठी होते.

सध्या शेवंतीच्या खणात खाली कोबा, त्यावर मॅट, मागे कोकोपीटची पट्टी आणि वर पाइनचे छिलके, अशी रचना आहे. मागच्या पायांची कूज नालबंदाच्या दोन भेटींत आटोक्यात आली. सकाळी तिच्या कुशीवर डाग असतो तो हाताच्या पंजाएवढा आणि कोरडा, खराऱ्याने निघणारा. पावसाळ्यासाठी आम्ही 30 पोती मे महिन्यातच भरून, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर रचून, ताडपत्रीखाली ठेवतो. जूननंतर कारखान्यांचे लाकूडच ओले येते, आणि ओले छिलके पहिल्या आठवड्यातच काळे पडतात. यंदाची 18 पोती आली आहेत, उरलेली येत्या मंगळवारी आणायची आहेत, आणि चुंबक दाराच्या खिळ्याला टांगलेले आहे.